नाही म्हटल्यानंतर

बॅलीफॅरन, काउंटी लीश
१ जून २०२५

ती. आईस,
सा. न.

फोनवर तू म्हणालीस, "जे काय असेल ते लिहून कळव, असलं काही मी कानांनी ऐकणार नाही," आणि ठेवून दिलास. त्याला नऊ दिवस झाले. सूनबाईचा, मुक्ताचा फोन उचलतेस, नातीशी, स्वानंदीशी अर्धा अर्धा तास बोलतेस, मी मागून "आई" म्हटलं की तुझी रेंज जाते. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार? तर हे घे पत्र. हाताने मराठी लिहून पंधरा वर्षं झाली, अक्षराला हसू नकोस.

आधी एक सांगतो. मी पीत नाही. कधी प्यायलो नाही, पुढेही पिणार नाही. आता बाकीचं वाच.

जानेवारीतल्या वादळात आमच्याकडे पाच दिवस लाइट नव्हती. ते दिवस आम्ही शेजाऱ्यांकडे काढले असं तुला सांगितलं होतं. ते शेजारी म्हणजे टायनन्स, कोपऱ्यावरचा पब. ब्रीडा टायनन नावाची अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा तो एकटी चालवते. तिच्याकडे गॅसची शेगडी आणि जुना जनरेटर होता. अख्खी गल्ली तिच्या स्वयंपाकघरात सूप पीत बसली होती. स्वानंदीला ताप होता म्हणून ब्रीडाने तिला स्वतःच्या पलंगावर निजवलं आणि आपण खुर्चीत झोपली. आमचं नाव तिने तिसऱ्या दिवशी विचारलं. चार वर्षं या गावात राहून तोवर मला नावाने ओळखणारी माणसं दोन होती, पोस्टमन आणि डेंटिस्ट. आता रस्त्याने निघालो की दहा जण थांबवतात.

तेव्हापासून रोज सहाला लॅपटॉप मिटला की मी तिथे जातो. चहा पितो. गुरुवारी गुरांचा बाजार असतो, शेतकरी चिखलाच्या बुटांनी येतात, निम्मे तर जेवायलाच येतात. आणि ब्रीडाने स्वतः आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. कधीही न पिण्याची शपथ घेतलेल्या लोकांचा एक बिल्ला इथे असतो, तो तिच्या स्वेटरवर कायम लावलेला असतो.

तिचं कंबरेचं हाड झिजलंय. मुलं दोन्ही ऑस्ट्रेलियात. पब विकायला काढला तर एकच गिऱ्हाईक आलं, त्यांना फक्त लायसन हवंय, दुसऱ्या शहरातल्या सुपरमार्केटसाठी. म्हणजे दार बंद. ती मला म्हणाली, तू चालवायला घे. मी नोकरी आठवड्यात चार दिवसांची करून घेईन. सप्टेंबरच्या शेवटी लायसनसाठी कोर्टात उभं राहावं लागतं, त्याआधी ठरवायचंय.

तू हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही. ब्रीडालाही तसं सांगितलंय. ती म्हणाली, "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे. "आईला विचार, मी थांबते."

तुझा
निमिष


देवशिंगी
१३ जून २०२५

चि. निमिष,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझे बाबा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते, त्यांचं अक्षर छापल्यासारखं असायचं. ते तुझ्यात आलं नाही. बाकी काय आलं, याचा मी आता विचार करतेय.

तुझी ब्रीडाबाई पीत नाही, हे तू मोठ्या कौतुकाने लिहिलंस. न पिता विकते म्हणजे काय विकतेय ते तिला चांगलं ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ. वादळात तिने तुम्हाला आसरा दिला, ते उपकार मी मानते. तिला माझा नमस्कार सांग, एक साडी पाठवते ती दे. पण उपकार फेडायला दारूचं दुकान चालवायला घ्यायचं, हे मी कुठे ऐकलं नाही.

तू चौदा वर्षांचा होतास, म्हणजे सगळं कळत होतं. एसटी स्टँडसमोर हरीशची परमिट रूम होती. तिने आपलं घर खाल्लं. चंद्रहास पवार, तुझे बाबा, हायवेवर ट्रकखाली गेले, तेव्हा माझ्या पदरात तू होतास आणि माझी पोस्टातली खुर्ची होती. पुढे तीन वर्षांनी मी त्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणलं. दोन महिने दारोदार फिरले. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. अकराशे बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि दुकान कायमचं बंद झालं. आजही बाजारात अनोळखी बाया माझ्या पाया पडतात, त्या यासाठी. आणि त्या बाईचा मुलगा दारूचं लायसन मागायला कोर्टात उभा राहणार.

एकच प्रश्न विचारते. भरदुपारी एक बाई तुझ्याकडे येते. कुणी बघेल म्हणून मागच्या दाराने येते. म्हणते, माझ्या नवऱ्याला देऊ नका. तू काय करशील? घाईत लिहू नकोस.

मुक्ताला आशीर्वाद. पोर्टलीशच्या हॉस्पिटलात तिच्या रात्रपाळ्या कमी झाल्या का? स्वानंदी परवा मला "आय्म ग्रँड, आजी" म्हणाली. तिच्याशी मराठीत बोलत जा.

तुझी
आई


बॅलीफॅरन
२७ जून २०२५

ती. आईस,
सा. न.

साडी पोचली. ब्रीडाने ती घडी न मोडता खोलीतल्या प्रेसमध्ये ठेवलीय. प्रेस म्हणजे कपाट, इथे तसंच म्हणतात. रोज एकदा उघडून बघते.

तुझा प्रश्न मी तिलाच विचारला. ती म्हणाली, अशा बायका येतात, चाळीस वर्षांत बऱ्याच आल्या. त्या आल्या की द्यायची नाही. विषय संपला. इथे गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा हक्क दुकानदाराला आहे आणि ब्रीडा तो वापरते. गावातल्या उरलेल्या तीन पबांनाही फोन करते, अमक्याला देऊ नका म्हणून. हे मला फार आवडलं. ती आणखीही बरंच काही सांगत होती, माणसाला कुठे बसवायचं, कुणासमोर बोलायचं वगैरे, पण तेवढ्यात गुरुवारची गर्दी झाली.

तर माझं उत्तर असं. मी नाही म्हणेन. एकदाही न चुकता. आई, हरीशसारखा माणूस जर नाही म्हणाला असता, तर बाबा आज असते. मला तो माणूस व्हायचंय, जो नाही म्हणतो. काउंटरच्या आत उभं राहिल्याशिवाय तो होता येत नाही.

तू हे कधी असं उलटं बघितलंस का?

तुझा
निमिष


देवशिंगी
१० जुलै २०२५

चि. निमिष,
आशीर्वाद.

तू नाही म्हणालास. बरं. मग तो माणूस कुठे जातो?

तब्येत बरी आहे. पाऊस बेताचा आहे. स्वानंदीचा नवा फोटो पाठव.

आई


बॅलीफॅरन
४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सा. न.

तीन ओळींचं पत्र पाठवायला एवढं तिकीट लावलंस. म्हणजे रागावलीस. पण आता मी जे लिहिणार आहे त्याने तुझा राग जाईल असं मला मनापासून वाटतंय.

ब्रीडाचं कंबरेचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ती नाही, म्हणून रजा टाकून तिच्या लायसनवर मी दुपारपासून काउंटर बघतोय. मुक्ता शनिवारी मदतीला येते, तिने भजी सुरू केलीयत आणि ती सगळ्यांत आधी संपतात.

मॉसी डेलेनी नावाचे एक गृहस्थ आहेत. पासष्टीचे असतील. पीट, म्हणजे इथली जळणाची दलदलीतली माती, काढण्याच्या मोठ्या मशिनवर आयुष्यभर ड्रायव्हर होते. ते काम सरकारने बंद केलं आणि हे घरी बसले. रोज चारला येतात, साडेनऊला उठवावं लागतं. स्वभाव गरीब. स्वानंदीला पत्ते शिकवतात. गेल्या मंगळवारी दुपारी दोनला त्यांची बायको नोरीन आली. आई, ती मागच्या दाराने आली. मला तुझं पत्र आठवलं. म्हणाली, डॉक्टरांनी लिव्हरचं सांगितलंय, त्याला देऊ नकोस, आणि मी आले होते हे सांगू नकोस.

चारला मॉसी आले. मी म्हटलं, "मॉसी, आजपासून नाही." ते हसले, त्यांना गंमत वाटली. मी पुन्हा म्हटलं. चार-पाच जण बसलेले होते, सगळे वळून बघायला लागले. मॉसींनी टोपी उचलली आणि गेले. वाईट वाटलं, पण मी मागे हटलो नाही. बाकीच्या पबांना फोनही केला.

आज सहा दिवस झाले, ते आलेले नाहीत. नोरीन दुकानात भेटली, म्हणाली, दिवसभर बाहेर असतो, गुरांच्या बाजारात हात लावायला जातो म्हणतो. म्हणजे सुधारला असावा.

बाबांसाठी हे कुणी केलं नाही. मी मॉसींसाठी केलं. आता तरी हो म्हण.

तुझा
निमिष


देवशिंगी
१७ ऑगस्ट २०२५

चि. निमिष,
अनेक आशीर्वाद.

काल तुझं पत्र आलं. शेवटची ओळ वाचायच्या आत मी फोन लावला. इतके महिने न उचलणारी मी, त्यामुळे तू घाबरलास. मी विचारलं, मॉसी कुठे आहे. तू म्हणालास, बहुतेक घरी. मी म्हटलं, बहुतेक नको, आत्ता जाऊन बघ, आणि ठेवला. पुढे बोलता आलं नसतं. ते आता लिहिते.

तुझ्या पत्रातली बाई मी आहे. बाबा गेले त्याच्या नऊ दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, मी हरीशच्या परमिट रूमच्या मागच्या दाराशी गेले होते. तो तांदूळ धूत होता. त्याने स्टूल पुढे केलं, मी बसले नाही. म्हटलं, त्यांना देऊ नका. तो म्हणाला, "बाई, मी नाही दिली तर ते दुसरीकडे जातील. इथे मी दोनवर थांबवतो, जेवायला घालतो, रिक्षात बसवून घरी पाठवतो." ते खरं होतं. रिक्षा रोज दाराशी यायची, तुलाही आठवत असेल. मी म्हटलं, मला शिकवू नका, देऊ नका एवढंच सांगायला आलेय. त्याने तांदळाचं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाला, "बरं. उद्यापासून नाही."

त्याने शब्द पाळला. मी बाबांना काही सांगितलं नाही. हरीशने आपल्याला का उठवलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी खाटेवर बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. मी पोस्टातल्या लताला म्हणाले, सुधारलेत बहुतेक. तू लिहिलंस ना तेच.

ते रोज संध्याकाळी हायवे ओलांडून पलीकडच्या फाट्यावर जात होते. तिथे कुणी दोनवर थांबवत नव्हतं आणि येताना रिक्षा नव्हती. हे मला पंचनाम्याच्या वेळी कळलं. मरणाच्या दिवशी त्यांनी हरीशच्या दारूचा घोट घेतला नव्हता, त्याआधीचे आठ दिवसही नव्हता.

लोक म्हणाले, हरीशच्या दारूने मारलं. पहिले दिवस मला बोलायची शुद्ध नव्हती. तेराव्यापर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं आणि मी ते राहू दिलं. कारण ते खरं असलं की मी मागच्या दाराने गेले होते हे कुणी विचारणार नव्हतं. तीन वर्षांनी मी माईक हातात घेऊन स्वतः तेच म्हटलं. हरीश रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ऐकत होता. एक शब्द बोलला नाही.

आडव्या बाटलीचं मला वाईट वाटत नाही. दुकान बंद झालं ते बरंच झालं, त्यात बुडालेलं घर माझं एकटीचं नव्हतं. पण ज्या एका माणसाने माझं ऐकलं, त्याला मी चारचौघांत खुनी म्हटलं, आणि ते खोटं आहे हे मला म्हणताना माहीत होतं.

एकोणीस वर्षं तुला सांगितलं नाही. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघायचास, ती मला हवी होती. बाकी काहीच उरलं नव्हतं.

मॉसीचं काय झालं ते कळव.

आई


बॅलीफॅरन
३० ऑगस्ट २०२५

आई,

तुझं पत्र परवा आलं. आधी मॉसींचं सांगतो, कारण ते सांगणं सोपं आहे.

तुझा फोन आला तेव्हा मी पबमध्ये पेल्यांचे खोके लावत होतो. तसाच नोरीनकडे गेलो. मॉसी घरी नव्हते. बाजार फक्त गुरुवारी असतो आणि ते रोज बाहेर असायचे, त्या दिवशी तर शनिवार होता; ही साधी गोष्ट अडीच आठवडे ना तिच्या लक्षात आली ना माझ्या. ब्रीडा त्याच्या दोन दिवस आधीच हॉस्पिटलातून आली होती, कुबड्यांवर. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "तू त्याला बारवर सांगितलंस? सगळ्यांसमोर? मी तुला अर्धं सांगितलं, की तू अर्धंच ऐकलंस?" तिची पद्धत अशी की माणसाला आत स्वयंपाकघरात घ्यायचं, दार लावायचं, बायकोला बाजूला बसवायचं आणि सांगून झालं की त्याला घरी न सोडता तिथेच जेवायला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बोलवायचं. नाही म्हणणं हा त्यातला सगळ्यांत छोटा भाग.

ती माझ्या गाडीत बसली. आसपासची गावं धुंडाळत गेलो तेव्हा बावीस किलोमीटरवरच्या एका गावात, जिथे आमच्या फोनचा काही संबंध नव्हता, नदीकडेच्या पार्किंगमध्ये मॉसींची गाडी दिसली. ते स्टिअरिंगवर बसले होते, अर्धी बाटली मांडीत, इंजिन चालू. रोज याच अवस्थेत बावीस किलोमीटर परत यायचे. ब्रीडाने मला ढकललं. मी दार उघडून शेजारी बसलो. त्यांच्या मशिनबद्दल विचारलं. तासभर ते मशिनबद्दल बोलले. मग स्वतःच किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तू मला सगळ्यांदेखत हाकललंस, निमिष." मी सॉरी म्हटलं. त्यांना रडू आलं, मलाही.

तेव्हापासून ते चारला मागच्या खोलीत येतात, नोरीनही येते. दारूऐवजी लाल लेमनेड पितात. मध्ये एकदा घसरले, दोन दिवस दिसले नाहीत, मी घरी जाऊन आणलं. पुढचं माहीत नाही. तुझा फोन आला नसता तर काय झालं असतं, ते मी मुक्ताला सांगू शकलो नाही.

आता दुसरं.

मी तुझ्यावर रागावलोय. खोटं लिहिणार नाही. बाबा गेले त्या महिन्यात मी हरीशशेठच्या पाटीवर शेण फेकलं होतं. तू बघितलंस आणि मला काही बोलली नाहीस. शाळेत त्यांचा मुलगा शिरीष माझ्या वर्गात होता, दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही, इतरांनाही बोलू दिलं नाही. त्याने कधी विचारलंसुद्धा नाही, का म्हणून. हे सगळं मी एका खोट्यावर केलं आणि ते खोटं आपल्या घरातलं होतं.

कोर्टाची तारीख २६ सप्टेंबर आहे. मी अजून सही केलेली नाही. तुझ्या परवानगीसाठी थांबलोय की आणखी कशासाठी, मला कळत नाही.

निमिष


देवशिंगी
१३ सप्टेंबर २०२५

चि. निमिष,
आशीर्वाद.

तुझा राग योग्य आहे. तो कमी कर असं मी म्हणणार नाही.

पत्र काल आलं आणि आज सकाळच्या एसटीने मी साताऱ्याला जाऊन आले. हरीश तिथे खानावळ चालवतो हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. साताऱ्याला गेले की मी तो रस्ता टाळायचे. आज विचारत विचारत गेले. केस सगळे पांढरे झालेत. गल्ल्यावर शिरीष होता, त्याने मला ओळखलं आणि तो उठून आत गेला. मग हरीश बाहेर आला. त्याने पुन्हा स्टूलच पुढे केलं. या वेळी मी बसले.

मी म्हटलं, "हरीशशेठ, मी तुमच्याबद्दल खोटं बोलले. मला माहीत होतं." पाठ करून गेले होते, तरी एवढंच आलं.

तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत होतं, बाई."

मी विचारलं, मग त्या दिवशी तुम्ही रस्ता ओलांडून का आला नाहीत? सगळ्यांसमोर एक वाक्य बोलला असतात तर माझं तोंड बंद झालं असतं, तुमचं दुकान राहिलं असतं. तो म्हणाला, "तुमचं पोरगं समोर उभं होतं. सतरा वर्षांचं. बाप गेला की पोराला कुणाचा तरी राग धरावाच लागतो. माझा धरला होता, ते ठीक चाललं होतं. मी बोललो असतो तर तो तुमचा धरला असता. मग त्याला जेवायला कोणी वाढलं असतं?"

निमिष, मी तिथे त्या स्टुलावर बसून रडले. आजूबाजूला लोक जेवत होते. शिरीषने पाणी आणून ठेवलं. निघताना हरीश म्हणाला, "तेव्हा मी नुसतं नाही म्हणालो आणि दार लावलं. मागे माणूस पाठवायला हवा होता. ते माझंही चुकलं." मी म्हटलं, त्यांच्या मागे जाणं माझं काम होतं. मी शब्द घेतला आणि ऑफिसात जाऊन बसले.

येत्या रविवारी महिला मंडळाची बैठक आहे. तिथे हे सांगणार आहे. त्यांची पद्मजाताई, म्हणजे मी, पाया पडून घेण्यासारखी नाही, हे त्यांना कळू दे.

आता तुझं. परवानगी मागू नकोस, ती द्यायची माझी लायकी राहिलेली नाही. एवढंच सांगते. नाही म्हटल्यानंतर त्या माणसाच्या शेजारी बसायला तुझ्याकडे वेळ असेल, रोज असेल, तर ते दुकान घे. नसेल तर घेऊ नकोस, त्या सुपरमार्केटवाल्यांना देऊन टाका. ते निदान आपण कुणाची काळजी घेतो असं म्हणत नाहीत.

आई


बॅलीफॅरन
२७ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सा. न.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. शुक्रवारी सकाळी कोर्ट होतं. गुरुवारी संध्याकाळी मी सही केली.

कोर्ट म्हणजे लहानशी खोली. ब्रीडा चांगला कोट घालून आली होती. मॉसी आणि नोरीन मागच्या बाकावर होते, मॉसी दाढी करून आले होते. वकिलाने मला काय विचारतील आणि काय सांगायचं ते पढवून ठेवलं होतं. न्यायाधीश वयस्कर बाई होत्या. त्यांनी कागद बघितले आणि पढवलेलं नव्हतं तेच विचारलं. म्हणाल्या, "मिस्टर पवार, तुमच्या घरात या धंद्याचा कुणाला अनुभव आहे?"

मी म्हटलं, "माझ्या आईला आहे."

"त्यांचा पब होता?"

मी म्हटलं, नाही. ती मागच्या दाराशी येऊन, नवऱ्याला देऊ नका, असं सांगणाऱ्यांपैकी होती. वकील कागद चाळायला लागला. बाईंनी चष्मा काढला. मग विचारलं, "आणि त्या दाराशी आता कोण असेल?" मी म्हटलं, मी. त्यांनी सही केली.

राग अजून आहे. पण परवा रात्री तुझं पत्र मुक्ताला वाचून दाखवताना एक गोष्ट लक्षात आली. त्या सगळ्या वर्षांत तू मला एकदाही उपाशी झोपू दिलं नाहीस, आणि तू स्वतः कुणाशी हे बोलली असशील असा एकही माणूस मला आठवेना. त्या विचाराने मी जेवढा रडलो तेवढा बाबा गेले तेव्हाही रडलो नव्हतो. रविवारी तू मंडळात उभी राहिलीस तेव्हा मी तिथे असायला हवा होतो.

सोबत दुसरं एक पाकीट आहे. हरीशशेठ आणि शिरीषसाठी. चिकटवलेलं नाही, तू वाच, हवं तर शुद्धलेखन सुधार. मी स्वतः जानेवारीत येऊन त्यांच्यापुढे उभा राहणार आहे, पण तोवर थांबायचं नाही. तीस वर्षं तू लोकांची पत्रं पोचवलीस, हे मात्र पोस्टात टाकू नकोस. एसटीने जा आणि स्वतः हातात दे. ते वाचून होईपर्यंत तिथेच बस.

तुझा
निमिष